सुकतीची वेळ

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आंबोळगडला
सकाळी पाच बावन्नला समुद्र सगळ्यात लांब जातो.
पतपेढीच्या कॅलेंडरवर मी त्या तारखेला
लाल टिकली लावून ठेवली होती.
एकोणीस वर्षं तिथे दुसऱ्यांचं व्याज मोजलं,
निघताना मिळालेल्या पैशांतून ही लेन्स घेतली,
तांदळाच्या दाण्याला भिंतीएवढं करणारी.
घरात अजून कोणी त्यावर बोलत नाही.

खडकावर शेवाळ. चपला हातात.
कालवांच्या कडा तळव्यांना आपापली मतं सांगतात.
डबक्यावर वाकले तर आधी माझंच तोंड,
मग ते जरा बाजूला सारून
पाणी आतलं दाखवायला लागलं:
शंख चालतोय, म्हणजे शंखात दुसराच कोणी;
काचेची कोळंबी, जिचं फक्त जेवण दिसतं;
आणि एक दगड उलटला तेव्हा
ती.

करंगळीच्या नखाएवढी. शंख टाकून दिलेली गोगलगाय.
हळदीचे ठिपके, कडेनं जांभळी दोर.
मी श्वास रोखला.
तिचा तर पाठीवर उघडाच होता,
सुरंगीच्या कळीसारखा मिटत, उमलत.

एक्केचाळीस वेळा बटण दाबलं.
वाऱ्यानं पाणी थरथरलं, पाण्यानं ती,
आणि माझ्या मनगटात तर हल्ली कायमच थोडी भरती.

मागे कोयतीची टकटक थांबली.
सुभद्रा डोर्लेकर, कालवं फोडायला आलेली,
डबा पाव भरलेला.
"काय गावला गो?"
मी पडदा पुढे केला. तिनं डोळे बारीक केले.
"हां. असतात ही."
काय म्हणता हिला?
ती विचारात पडली, खरंच पडली,
आईनं, सासूनं कधी काही म्हटलं होतं का ते चाचपत.
मग म्हणाली,
"आमी खाईत नाय, ती चावीत नाय.
नाव कोन ठेवील?"

आणि वळता वळता तिनं,
पायानं नाही, दोन्ही हातांनी,
कुणाच्या घरचं झाकण सारखं करावं तसा
तो दगड पालथा घातला.
"उघडं टाकून चाललीस व्हय?
उन्हानं मरल सगळं."

सगळं म्हणजे काय, ते रात्री कळलं.
अडतीस फोटोंत धुकं, दोघांत फ्लॅशचा चट्टा,
एक बरा. त्यातही ती पुसट,
फोकस तिच्यामागे, दगडाच्या पोटाला चिकटलेल्या
पांढऱ्या फितीवर. चकलीसारखी वळलेली फीत,
मोठी करत गेले तर दाणे, दाण्यांत दाणे,
शेकडो, अजून कुणीच नसलेले.
मी तिथे पाऊण तास होते.
मला दिसली नव्हती.

फाइलला नाव द्या, म्हणतो संगणक.
मी तारीख लिहिते, वेळ लिहिते,
आंबोळगड लिहिते, आणि थांबते.

पुढची टिकली पौर्णिमेला.
तो दगड ओळखता येईल का मला?
पालथे सगळे सारखेच दिसतात.