शिरगणती

जानेवारीतल्या एका रात्री, वर्षातून एकदाच,
आमचं शहर त्यांना मोजायला निघतं.
एरवी मी डुलुथच्या नगरपालिकेत
पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
माणसं कमी पडतायत म्हणाले, मी हात वर केला.
उणे एकोणीस. पापण्या एकमेकींना चिकटतात.

प्रशिक्षण चाळीस मिनिटांचं:
झोपलेल्याला उठवू नये.
वय अंदाजे लिहावं.
गाडीच्या काचांनी आतून वाफ धरली असेल
तर किमान एक माणूस धरावा.
तंबूत काहीच हालचाल नसेल तर काय,
कुणीतरी विचारलं
आणि बाईंनी पुढची स्लाइड लावली.

आपल्याकडे याला शिरगणती म्हणतात.
पण शिर दिसतं कुठे?
पार्किंगच्या जिन्याखाली दिसले फक्त बूट,
आणि एका बुटात ठेवलेला चष्मा,
काड्या मिटून, जपून,
उशाशी स्टूल असावं तसा.
मी लिहिलं: एक. पुरुष बहुतेक.
चष्म्याच्या नंबराला रकाना नव्हता.

माझ्या जोडीला वेंडेल ऑस्टबी, उद्यान विभागातला.
त्याला सगळ्या जागा पाठ.
"इथे तिघं असायची," पुलाखाली टॉर्च फिरवत म्हणाला.
आता तिथे दगड आहेत,
टोकं वर करून सिमेंटात रोवलेले, हातभर अंतरावर.
"शोभेसाठी," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, "ऑक्टोबरात मीच लावले."
तरी एकेका दगडामागे वाकून बघून आला.
मी शून्य लिहिलं.
शाई गोठली होती, शून्य तेवढं उमटलं.

सरोवराकाठी एक व्हॅन. काचांवर वाफ.
काच खाली झाली. "तू पाणीपट्टीवाली ना?"
मला आठवेना. तिला आठवत होतं:
मिसेस कांगास, दोन वर्षांपूर्वीचा मार्च.
"हप्ते पाडून दिले होतेस तू. दोन."
तिसरा नियमात बसत नव्हता.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हिचं मागच्या सीटवर:
मायक्रोवेव्ह, गाद्यांचे अभ्रे,
आणि अंगणातला बर्फ उपसायचं फावडं.
मी छापील प्रश्न वाचला:
काल रात्री आपण कुठे झोपलात?
"झोपले नाही," ती म्हणाली.
त्याला पर्याय नव्हता.
मी तिला मोज्यांचा जोड दिला आणि एक कार्ड,
मदतीचा फोन, नऊ ते साडेचार.
घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.

फेब्रुवारीत सभागृहात आकडा वाचला गेला.
गेल्या वर्षीपेक्षा अकरा कमी.
टाळ्या झाल्या.
वेंडेल मागच्या रांगेत
हातमोजे काढत होता, घालत होता.

सोमवारी माझ्या खिडकीवर कुणी बिल सरकवतं,
चष्मा काढून शर्टाला पुसतं.
मी त्याच्या बुटांकडे बघायला
खुर्चीतून अर्धी उठते.
काच आड येते.