रुमालाखाली

मार्केट यार्डात आता सौदे उघड होतात,
बोली माईकवरून, आकडे पाटीवर.
तरी आप्पांच्या खांद्यावर रुमाल असतोच.
बत्तीस वर्षं अडतीच्या दुकानात दिवाणजी,
आणि रुमालाचा एक कोपरा
कितीही धुतला तरी हळदीचाच.

माझ्याकडे दोन पत्रं आहेत.
एकाच आठवड्यात आली.
दोन्हींत मगदूम बरोबर लिहिलंय,
आमच्या रेशनकार्डावर अजून मुगदूम आहे.

जर्मनीत फी जवळजवळ नाही,
पण वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात कोंडायचा
आणि महिन्याला थोडा थोडा सोडायचा,
कोयनेतून पाणी सोडतात तसा.
दोन वर्षं. आणि ती भाषा.
विश्रामबागच्या क्लासमध्ये बाई म्हणाल्या,
अवघड आहे हं, क्रियापद पार शेवटी जातं.
मी म्हटलं, बाई, आपलं तरी कुठं आधी येतं?

आयर्लंडात एका वर्षात पदवी, सगळं इंग्रजीत,
आणि सहकारी बँकेचं कर्ज,
तारण कुपवाडचे दोन गुंठे.
साहेबांनी विचारलं, परत कधी?
कर्ज की मी, ते कळलं नाही.
आई म्हणाली, तिथं म्हणे बटाट्याशिवाय पान हलत नाही,
चातुर्मासात काय खाशील?
शेजारचे लठ्ठे काका म्हणाले, आमचा सन्मती आहे डब्लिनला,
रात्री-अपरात्री धावेल.
सन्मतीला मी सहावीपासून ओळखते.
तो धावणार नाही.

बॅग माळ्यावर आहे, पुराच्या खुणेच्या वर.
एकोणीस सालापासून आमच्याकडे
जपायचं ते सगळं त्या रेषेच्या वर असतं:
गॅसचं पुस्तक, आजोबांचा फोटो,
माझ्या बी.टेक.च्या मार्कलिस्टा.

रविवारी जेवणं झाल्यावर
आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला.
"हात घाल आत.
एक बोट जर्मनी, दोन बोटं आयर्लंड.
तोंडानं बोलायचं नाही.
चेहऱ्याकडं बघायचं नाही. चेहरा बघितला की भाव पडतो."

रुमालाखाली त्यांचा हात,
मधल्या बोटाला पेनाचा घट्टा.
कितीजणांचं वर्ष या हातात ठरलं असेल,
कुणाचं लग्न, कुणाची मोटार.
घरी येऊन त्यांनी कधी काही सांगितलं नाही,
फक्त हात धुतले, बराच वेळ.

मी काय धरतेय हे कळायच्या आत
अख्खा पंजा धरला होता.

आप्पा कॅलेंडरकडं बघत होते.
"पंजा कशाला गं?
एवढा भाव कुणी देत नाही."
आवाज नेहमीचाच.
हात मात्र सोडवून घेतला नाही.

पलीकडच्या घरात मालिका संपली,
जाहिराती लागल्या, त्याही संपल्या.
मी एकेक बोट सोडत गेले.
करंगळी पटकन सुटली.
घट्ट्याच्या बोटाशी थोडी थांबले.
मग तेही.

एक उरलं.

त्यांनी बाजाराच्या रीतीनं उलटा दाब दिला: हेच?
मी पुन्हा दाबलं.

"कडता धरलास ना?"
म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन,
भाव सांगायच्या आधीच वजा करायचं.
"धरला," म्हटलं.
तोंडानं बोलायचं नव्हतं,
हे दोघंही विसरलो होतो.

आतून आईनं विचारलं, ठरलं का? कुठलं?
आप्पांनी रुमाल झटकला,
नसलेली हळद झटकतात तसा,
आणि खांद्यावर टाकला.
"पट्टी झाली की सांगतो."

रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले
तर ते वही उघडून बसलेले.
कोरं पान. वर तारीख,
खाली माझं नाव, पूर्ण,
बापाच्या नावासकट.
पुढं आकड्याची जागा सोडलेली.
पेनाचं टोपण काढलेलं होतं.