एक षटकोन कमी आहे

मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
शनिवारी रात्री नऊला समुद्र मांडला जातो.
सनमायकाचे एकाहत्तर षटकोन, सगळे पालथे.
मीच कापलेत, कुपवाडला, जेवणाच्या सुट्टीत,
दोन थाऊचाही फरक नाही मापात.
तरी ओळखू येतातच काही :
कोपऱ्यावर पिवळा अंगठा उठलाय, तो ज्वालामुखी.
सगळे ओळखतात.
सगळे न ओळखल्यासारखं करतात.

आदगोंडा पहिल्या फेरीतच निघतो.
गाठीला दोन शिधे, एक दोर, बोट गळकी.
"अरे मर्दा, आधी काहीतरी उभं कर की."
"बघून तर येऊ," म्हणतो,
आणि उलटतो : वाळू.
उलटतो : वाळू.
उलटतो : एक बेट, त्यावर एक झाड, गुण शून्य.
त्या झाडाकडं असा बघत बसतो
जसं काही पाणी घालायला तोच येणार आहे.

निलोफर मिरजेहून येते, सतारमेकरांच्या घरातली,
बोटांच्या टोकांवर दिवसभराच्या कानशीची खरखर.
चाल करण्याआधी ती थांबते,
जवारी काढताना थांबतात तशी.
ऐकते.
मग एकच कार्ड ठेवते
आणि माझ्या पोटात गोळा येतो.

मी निघत नाही.
मी बंदरात बसून यंत्र जुळवतो.
कोळशातून दोर, दोरातून शीड,
शिडातून नकाशा, नकाशा विकून पुन्हा कोळसा.
तिसऱ्या फेरीत ते नुसतं खोकत होतं.
पाचव्या फेरीत लय धरली.
सातव्या फेरीत मी एक कार्ड सरकवलं
आणि कार्डामागून कार्ड असं फिरत गेलं
की आदगोंडाचा चहा हातातच निवला.
काय सांगू,
वर्षातनं एखाद्या दिवशी लेथ असा आवाज करतो,
म्हणजे करतच नाही आवाज.
खाली कुणीतरी शटर ओढलं म्हणे,
मला ऐकू आलं नाही.

अकरा नकाशे हातात.
अकरापैकी एकाही जागी गेलेलो नाही.
पुढच्या फेरीत निघणार होतो. खरंच.
शिधा मोजून ठेवला होता, वारा विकत घेतला होता.

निलोफर थांबली, तिनं ऐकलं,
आणि हात लांब करून शेवटचा बुरूज उचलला.
बुरूज संपले की डाव संपला,
पान तिसरं, नियम सातवा.
नियम मीच मराठीत उतरवलेत,
लॅमिनेशनचे पैसेही मीच दिलेत.

बासष्ट, अठ्ठावन्न, एकोणीस.
एकोणीसवाला शीळ घालत तुकडे गोळा करत होता.
"ज्वालामुखीच्या मागं काय आहे, माहितीय?"
"काय?"
"सांगत नसतो. तू ये की कवातरी."

रात्री एकला पुष्पराज चौकात
सिग्नल नुसताच पिवळा लुकलुकत होता.
विश्रामबागेत घर घेऊन चौदा वर्षं झाली.
खड्डा कुठं, गतिरोधक कुठं, गाडीलाच पाठ आहे.
मी डावीकडं वळलो. का ते विचारू नका.
एक गल्ली, दोन कुत्री,
लग्नाच्या माळा अजून लागलेलं एक घर,
दारात एकजण वाकून भलंमोठं पातेलं घासत होता.
"कुणाकडं?" त्यानं विचारलं.
"कुणाकडं नाही."
त्यानं मान हलवली, हे असं रोजचंच असल्यासारखी.
पुढं गल्ली बंद होती.
गुण शून्य.

सोमवारी आदगोंडाचा मेसेज :
एक षटकोन कमी आहे, सत्तरच भरालेत.
तेव्हा मी शर्टाचा खिसा चाचपला.
"बघतो," असं लिहिलं.

लेथच्या डोक्यावर ठेवलाय तो, पालथा.
दुपारची पाळी लागली, बुशिंगची ऑर्डर अर्धी झाली.
कोपरा स्वच्छ आहे, म्हणजे ज्वालामुखी नव्हे.
वाळू असणार.
एकाहत्तरात चाळीस तर वाळूच कापली होती मी.