पट्टीवरचं वर्ष

शनिवारी सकाळी माझ्या वाट्याला नावांच्या पट्ट्या आल्या.
एक टेबल, दोन पेनं,
आणि कागद उडू नयेत म्हणून
भूगर्भशास्त्रवाल्यांकडून उसना आणलेला दगड.
मॅनिटोबातला सप्टेंबरचा वारा
कुणाच्या वाढदिवसाची भीडभाड ठेवत नाही.

विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं झाली,
साऱ्या गावाला आवतण होतं:
या, कणसं भाजलीत, वेधशाळा उघडी आहे,
पोरांना बेडकाचं हृदय बघायला मिळेल,
चार वाजता केक.
केक घड्याळाच्या मनोऱ्याचा होता,
आणि त्याचे काटे खऱ्यासारखेच
सात मिनिटं मागे.

पट्टीवर दोनच रकाने: नाव. उत्तीर्ण वर्ष.

लोक येत होते, आपापलं वर्ष सांगत होते,
जरा पोट आत ओढून.
एकाने तर वर्षासोबत टक्केही सांगितले.

मग ती आली. हातात प्लॅस्टिकची बादली.
ओटिली फ्रीझन, म्हणाली, दोन टी नकोत, एकच.
आणि वर्ष?
तिने सांगितलं ते विद्यापीठाच्या जन्माआधीचं होतं.
संगणकाने लाल अक्षरांत नकार दिला.
मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं,
बहिऱ्याला सांगावं तसं.

"त्या वर्षी आम्ही इथून निघालो.
बाबांनी जमीन दिली, घर नाही दिलं.
घर ओंडक्यांवर चढवून ओढत नेलं, नऊ मैल.
आई म्हणाली, कपबशा काढायच्या नाहीत कपाटातून,
बघूच कसे नेतात ते.
एकच कप फुटला.
मी नऊ वर्षांची. घरामागून चालत गेले,
आपलंच घर रस्त्याने पुढे चाललंय
आणि खिडकीत कुणी नाही."

मी पेनाने लिहिलं तिचं वर्ष.

बादली कशाला, ते नंतर कळलं.
वाहनतळ 'ड', चौदाव्या जागेच्या डोक्यावर
एक रानसफरचंदाचं झाड आहे.
मी तीन वर्षं त्याच्याखाली सायकल लावतेय
आणि सीटवरचा चिकटा पुसताना
त्याला शिव्या घालतेय.
दरवर्षी ती येते, दरवर्षी ओरेस्ट तिला हटकतो,
पहारेकरीच तो, करणार काय,
आणि दरवर्षी दहा मिनिटं
दुसरीकडे कुठेतरी बघत उभा राहतो.
आज मात्र आवतणच होतं.
आज त्याने शिडी आणली.

तिकडे कुलगुरू बोलत होते.
सुरुवातीला त्यांनी क्री लोकांची आठवण काढली,
कागदावरून, नीट, उच्चार न चुकवता.
"बाबांच्या नांगराला दगडी टोकं लागायची बाणांची,"
ओटिली झाडाखालून म्हणाली, कुणाला उद्देशून नाही,
"डबाभर होती. कुठे गेली कोण जाणे."

दुपारी मॅव्हिस बेअर्डी आली, ढोलवाल्यांबरोबर.
तिने नाव लिहिलं.
वर्षाच्या रकान्यात एक रेघ ओढली,
डावीकडे, मागे,
पट्टीची कड ओलांडून टेबलावर उतरलेली.
मग पट्टी उचलून छातीवर लावली.
उरलेली रेघ माझ्यापाशी राहिली.
मी दगड सरकवून तिच्यावर ठेवला,
मग काय वाटलं, बाजूला केला.

एक सफरचंद मीही चावून पाहिलं.
दात असे आंबले
की केकसुद्धा गोड लागेना.

रविवारी मांडव उतरला. मक्याची सालं,
फुगे, कुणाचा तरी एक बूट.
यादी वरच्या कार्यालयात गेली, परत आली,
एका ओळीवर प्रश्नचिन्ह.
मी ते खोडलं नाही, उत्तरही दिलं नाही.

ऑक्टोबरात, पहिल्या बर्फाच्या दिवशी,
ओरेस्टने टेबलावर एक बरणी आणून ठेवली.
जेली, उजेडात धरली तर जुन्या विटेच्या रंगाची.
झाकणावर आमचीच एक पट्टी होती,
बहुतेक तिने जाताना उचललेली.
नाव: ड-१४.
उत्तीर्ण वर्ष: यंदा.