विमा नसलेले पाच दिवस

सत्तावीस तारखेच्या मध्यरात्री पॉलिसी संपली.
मी जागीच होते. काही वाजलं नाही.
चोडणच्या अंधारात मानशीच्या दारातून
भरतीचं पाणी आत येत होतं,
आणि अंगणात माझी पांढरी गाडी
आदल्या मिनिटासारखीच उभी.

माझी म्हणजे,
आरसी बुकात माझ्या नावाखाली बँकेचं नाव आहे,
लग्नपत्रिकेत थोरल्या काकांचं असतं तसं,
त्यांच्याशिवाय काही हलत नाही.

आगुस्तीनबाब म्हणाले होते,
गाडी जुनी, पण आधीचे मालक मडगावचे डॉक्टर,
सहा वर्षं कुठे न धडकलेले.
त्यांची सवलत त्यांच्याबरोबर गेली.
तुझी शून्यापासून.
नुसता थर्ड पार्टी घेतलास तर स्वस्तात सुटशील,
पण बँक सुटू देणार नाही.
दुसऱ्याला ठोकलंस तर कायद्याला काळजी,
गाडी मोडलीस तर बँकेला.
"आणि मी मोडले तर?"
"त्याचे तीनशे तीस वेगळे, बाये."

अकरा हजार सहाशे चाळीस.
एक तारखेला रविवार, म्हणजे पगार दोनला.
कर्जाचा हप्ता पाचला.
वहीत ओळी वरखाली करून पाहिल्या.
चष्म्याची काच पुढे ढकलली, गॅसही ढकलला,
लेकीची परीक्षा फी ढकलता येत नाही.
दिवसभर पणजीच्या लॅबमध्ये
दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजते मी,
आकडे मला नवे नाहीत.
फक्त इथे शेजारी
"नॉर्मल किती" हे छापलेलं नसतं.

म्हणून पाच दिवस गाडी हलवली नाही.
फेरीबोटीत पायी चढले.
"आज चालत गं?" प्रेमावतीनं विचारलं.
पेट्रोलवर ढकललं.
कठड्याला टेकून गाड्या चढताना पाहिल्या,
हाफ क्लच, खुणावणारा हात, ये, ये, ये,
आणि रॅम्पच्या फटीत मांडवीचं पाणी.
महिन्यापूर्वी इथेच माझी बंद पडली होती.
मागच्या रांगेनं भोंगे वाजवले.
फेरीवरच्या माणसानं चाकाखाली लाकूड सरकवलं,
म्हणाला, "भियेनाका."
तसल्या लाकडाचा हप्ता किती,
विचारायचं राहिलं.

रात्री जेवणं आटोपली की गाडीत जाऊन बसायचे,
चावी न फिरवता.
पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स.
आरशात न्हाणीचा दिवा.
त्या पाच रात्रींत एकदाही चुकले नाही.

दोन तारखेला पैसे भरले.
मध्ये खंड पडला, म्हणून तपासणी आली,
तपासणी म्हणजे दत्तेश,
फेरी चुकल्यामुळे घामाघूम झालेला मुलगा.
फोन समोर धरून त्यानं गाडीला
उलटी प्रदक्षिणा घातली,
मागून, चेसिस नंबर, पुन्हा मागून,
आणि डाव्या बाजूला थांबला.
तिथे मी मुद्दाम उभी होते, ओढणी पसरून.
"जरा सरकाल?"

आमच्याच कुंपणाच्या चिऱ्याची खूण,
हातभर लांब, आत अजून तांबडी माती.
पहिल्याच आठवड्यातली.
घरात सगळ्यांना वाटतं, कुणीतरी सायकल घासली.
त्यानं अंगठ्यानं लिहून घेतलं:
डावं मागचं दार, जुना ओरखडा, भरपाईत धरू नये.

"म्हणजे?"
"म्हणजे ह्याच्याशी कंपनीचा संबंध नाही, मॅडम."
"बँकेचा?"
तो हसला. "बँक कशाला विचारतेय."

संध्याकाळी पॉलिसी आली, बारा पानं.
वाचली नाही.
बादली भरून गाडी धुवायला घेतली,
बँकेचं छत, बँकेचं बॉनेट,
कंपनीच्या काचा.
डाव्या दाराशी आल्यावर फडकं घट्ट पिळलं
आणि ती तांबडी माती
तशीच राहू दिली.