मधली इयत्ता

नवखे नाही, पट्टीचेही नाही,
आम्ही सहा जण, मधल्या इयत्तेतले.
पुढे पिपालुक. तिचं वल्हं पाण्याला विचारून आत जातं,
आमचं दार ढकलून.

हिमनगापासून किती लांब राहायचं?
त्याच्या उंचीच्या तिप्पट.
मग आमच्याकडे बघून: पाचपट धरा.

दुपारी फ्योर्डात वारा फिरला,
सुतार टोर्किल उलटला.
ती ओरडली नाही. आपली कयाक त्याच्या कयाकला बिलगवली,
म्हणाली, पाय आधी.

रात्री त्याचे मोजे स्टोव्हपाशी वाळत होते.
आजोबांची कयाक, ती म्हणाली,
सीलच्या कातड्याची, त्यांच्याच मांड्यांच्या मापानं शिवलेली.
दुसऱ्या कुणाला व्हायचीच नाही.

माझी भाड्याची, नंबर चौदा.
तरी आज ती लाट
माझ्याआधी गुडघ्यांना कळली.