बहात्तर मिनिटांत एक फेरी

डुलुथच्या त्या हॉटेलात सोळाव्या मजल्यावरची जमीन फिरायची.
बहात्तर मिनिटांत एक फेरी.
आम्ही तिघं मात्र मधल्या, न फिरणाऱ्या गोलात:
पियानो, माझे ड्रम, लोर्नाचा माईक.
भोवतीनं माणसं सरकत राहायची
कोळंबी खात, हळूहळू,
जत्रेतल्या पाळण्याला म्हातारपण यावं तशी.

पियानोवर वेन्डेल टिक्कानेन.
बापाचं बूट दुरुस्तीचं दुकान विकून हा सूट शिवला, असं सांगायचा.
सूट माझ्या मेहुण्याचा होता.
बाह्या तोकड्या,
त्यामुळे त्याचे हात जरा जास्तच दिसायचे.

लोर्ना प्रेबिच खाणीच्या गावची.
खाण बंद पडली तेव्हा
तिथली लग्नंही बिनवाजंत्रीची झाली.
आवाज खालच्या पट्टीतला, कडांना थोडा गंज.
लोखंडाच्या गावची पोर, दुसरं काय.

ती गाता गाता फट ओलांडून
फिरत्या फरशीवर पाय ठेवायची,
कुणा म्हाताऱ्याच्या टेबलाशी रेलून अंतरा म्हणायची,
आणि फरशी तिला अलगद घेऊन जायची
लिफ्टच्या खांबाआड.
माईकची वायर मी पायानं सोडत जायचो.
वेन्डेल तेव्हा डोळे मिटून वाजवायचा.
ती दिसेनाशी झाली की डावा हात जड,
मुखड्यावर परतली की हलका.
ड्रमवाल्याला कुणी काही सांगत नाही,
आणि मलाही विचारायचं नव्हतं.

प्रेम वगैरे शब्द निघालाच नाही कधी.
एकदा उणे तीस अंशांत गाडी चालू होईना,
तिघं मागच्या जिन्यात बसून
उरलेलं सूप प्यायलो, एकाच डब्यातून.
तिनं चमचा न पुसता त्याच्याकडे दिला.
एवढंच.
मी पायऱ्या मोजत बसलो. अकरा होत्या.

मार्चमध्ये मॅनेजर स्ट्रँडमार्कनं एक काळी पेटी आणली.
तिच्यात सगळी गाणी होती
आणि तिला जेवण लागत नव्हतं.
"शनिवारपर्यंत या," म्हणाला,
आणि पगारातून दोन कॉफ्या कापायला विसरला नाही.

लोर्नाला बोटीवर काम मिळालेलं. फ्लोरिडा.
सहा महिने, स्वतःची केबिन, पियानोवाला त्यांचा.
हे तिनं सांगितलं
कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं संपवून,
माईकवर तळवा ठेवून.
वेन्डेल म्हणाला, "कुठल्या पट्टीत?"
तिला वाटलं, पुढच्या गाण्याचं विचारतोय.
मला अजून नक्की माहीत नाही.

शनिवारी नऊ गिऱ्हाइकं.
शेवटच्या गाण्यात ती खांबाआड गेली
आणि मोटर अडकली.
खालून एक कण्हणं आलं, ग्लासातली दारू हलली,
मग सगळं जागच्या जागी:
काचेबाहेर गोठलेलं सरोवर,
हिवाळ्यापुरतं थांबलेलं खनिजाचं जहाज, त्यावर एक दिवा.
अंतरा संपला.
वेन्डेलनं तिला बोलावणाऱ्या दोन ओळी वाजवल्या.
परत वाजवल्या.
परत.
फरशी आता कुणाला आणून देणार नव्हती,
चालतच यावं लागलं असतं.
एकोणिसाव्या वेळी वायर
माझ्या बुटाखाली ढिली पडली.
कुठल्या टेबलावर ठेवला असेल तिनं माईक, हळूच,
आम्हाला खट्ट आवाजसुद्धा आला नाही.

मग लिफ्टची घंटा.
वेन्डेलनं त्याच सुरावर गाणं मिटवलं.
टाळ्या बऱ्या पडल्या.

तो आता शाळांचे पियानो जुळवून देतो.
मला डाव्या कानानं कमी येतं.
नाताळात फोन होतो आणि दरवर्षी तेच भांडण:
तो म्हणतो, घंटा शुद्ध गंधाराची होती.
मी म्हणतो, कोमल. थोडी उतरलेलीच.
तो चिडतो, फोन ठेवतो, पुन्हा करतो.

तिच्याविषयी आम्ही तेवढंच बोलतो.